रुळापल्याडची स्थळपाहणी

आपलं घर आपण घ्यायचं, हे दैवशालानं ठरवलं. ते कुठं घ्यायचं हे मात्र मी ठरवणार आणि तेही हापिसच्या पद्धतीनं, असं मी बोलून बसलो. तोंड उघडायच्या आधी माणसानं घोटभर पाणी प्यावं, म्हणजे तेवढ्या वेळात अक्कल येऊन पोचते असं म्हणतात. मी पाणी प्यालो नाही. कारण घरात पाणी नव्हतं.

पाणी नव्हतं म्हणजे मालकीणबाईंनी सोडलं नव्हतं. परभणीत जुन्या गावात दगडाबाईंच्या घरी आम्ही एका खोलीत भाड्यानं राहत होतो. दगडाबाई मनानं वाईट नव्हत्या, पण नळाची चावी कमरेला खोचून फिरायच्या. दैवशालानं धुणं काढलं की त्यांना हमखास देवाची आठवण व्हायची आणि चावीही त्यांच्यासोबत देवाला जायची. त्या दिवशी तसंच झालं. बादलीत साबण लावलेले कपडे आणि बादलीशेजारी कोपरापर्यंत फेसानं भरलेली दैवशाला. लग्नाला दीडेक वर्ष झालं होतं. एवढ्या दिवसांत ती माझ्यावर कधी चिडली नव्हती (असं मला वाटत होतं).

"मला माझं पाणी पाहिजे," ती म्हणाली. "नळ नसला तर आड चालंल. पण कुलूप नसलेलं पाणी पाहिजे. भाड्याच्या खोलीत म्या आता ऱ्हायची न्हाई."

मी पाटबंधारे खात्यात क्लार्क. अख्ख्या जिल्ह्याच्या शिवारात पाणी खेळवायचं म्हणून दिवसभर कागद इकडून तिकडं सरकवणारा माणूस आणि माझ्याच बायकोच्या बादलीत पाणी नाही! मला शरम वाटली. शरम वाटली की माझा आवाज मोठा होतो.

"घेऊ," मी म्हणालो. "पण भावनेच्या भरात नाही. आधी शास्त्रशुद्ध स्थळपाहणी करायची. ते माझ्यावर सोड."

(आमच्या खात्यात कालवा असो, पूल असो, नाहीतर साहेबांची जीप उभी करायची शेड असो, आधी स्थळपाहणी होते. साहेब जागेवर जातात, टाचेनं जमीन दाबतात, बोटांनी भिंत ठोकतात, 'हं' म्हणतात आणि चहा पिऊन परत येतात. त्यांच्या मागं छत्री धरून मी पुष्कळ वेळा गेलो होतो. त्यामुळं ती विद्या आपल्याला पूर्ण येते, असा माझा समज होता.)

मग दर रविवारी आमची स्थळपाहणी सुरू झाली. पहिल्यांदा बसमत रोडला गेलो. हवा मोकळी. इतकी मोकळी की माझी टोपी उडाली ती शेजारच्या तुरीत सापडली. मी टाचेनं जमीन दाबली, 'हं' म्हणालो.

दैवशाला म्हणाली, "हवा पोटभर हाय. पण दिवस मावळल्यावर म्या हाक मारली तर ओ कोण देणार?"

"कोल्हे," मी म्हणालो. ती हसली नाही.

मग स्टेशनच्या बाजूला एक घर बघितलं. छान होतं. मालकानं खुर्ची दिली, पंखा लावला, पाणी मागवलं आणि पाणी यायच्या आत विचारलं, "आडनाव काय म्हणालात?" मी सांगितलं. त्यांना एकदम आठवलं की घर कालच विकलं गेलंय. पंखा बंद झाला. पाणी आलंच नाही. पुढच्या आठवड्यात तिथून गेलो तर 'घर विकणे आहे' ही पाटी जागच्या जागी. (विकलेल्या घरालाही पाटीची सवय लागत असेल.)  एवढं मात्र कळलं की आपण स्थळ बघतो तसं स्थळही आपल्याला बघत असतं.

असे महिना-दोन महिने गेले. हापिसात माझ्या शेजारच्या टेबलावर दत्तराव बसायचे. त्यांना माझी दया आली.

"पंडितराव," ते म्हणाले, "कामून उगं फिरायलात? रुळापल्याड आपल्या लोकांची नवी वसाहत उठायलीय. मास्तर हायेत, क्लार्क हायेत, रेल्वेतले हायेत. तिथं एकाची नांदेडला बदली झाली, घर विकायलेत. लिंबाच्या झाडापुढं निळ्या दाराचं घर. येत्या रविवारी जा. म्या सांगून ठेवतो."

मालकाचं नावही त्यांनी सांगितलं. पण दत्तरावांच्या तोंडात पान होतं. त्यामुळं मला नावातलं शेवटचं 'राव' तेवढं कळलं. पुन्हा विचारावं असं मनात आलं, पण एकदा सांगितलेलं दुसऱ्यांदा विचारणं म्हणजे कमीपणा, अशी आमच्या हापिसातली समजूत. मी मान डोलवली.

रविवारी दुपारी दोघंही नटून निघालो. मी इस्त्रीचा शर्ट घातला, दैवशालानं लग्नातलं जांभळं लुगडं नेसलं. रूळ ओलांडले, लिंब सापडला. पण त्या वसाहतीत निळ्या दाराचं घर शोधणं म्हणजे धान्याच्या मोंढ्यात पोतं शोधण्यासारखं होतं. सगळीच दारं निळी! काही आकाशासारखी, काही शाईसारखी, पण निळी. मी गोंधळून उभा राहिलो. इतक्यात एका घरापुढं मला सडा घातलेला दिसला. रांगोळी ताजी, वट्टा सारवलेला आणि वट्ट्यावर पांढरा शर्ट घातलेले एक गृहस्थ रस्त्याकडं डोळे लावून उभे.

"बघ," मी दैवशालाला म्हणालो, "आपलीच वाट बघायलेत."

(ते वाट बघत होते हे खरं होतं. 'आपली' एवढंच चुकलं.)

"जयभीम," मी पुढं होऊन म्हणालो. "आम्ही स्थळ बघायला आलोत."

त्यांचा चेहरा उजळला. "जयभीम, जयभीम! या पाव्हणे, या. मघापासून वाट बघायलोय. मी किशनराव."

नावात 'राव' होतं. माझी खात्री पटली.

"सोनपेठचेच ना?" त्यांनी विचारलं.

आता माझं मूळ गाव सोनपेठजवळच. दत्तरावांनी आपली बरीच माहिती दिलेली दिसते, असं वाटून मी म्हणालो, "हो, तिकडचेच."

"अन् नोकरी सरकारी?"

"सरकारी. क्लार्क."

"झाक!" त्यांनी दैवशालाकडं बघितलं. "अन् ह्या?"

त्या काळी चारचौघांत 'ही माझी बायको' असं म्हणायला माझी जीभ वळत नसे. मी वरच्या वाशाकडं बघत म्हणालो, "ही आमची दैवशाला."

"वा वा! घरातली बाईमाणूस संगं आणली हे लय चांगलं केलं," असं म्हणून किशनरावांनी तिला आत सोडलं. आतून त्यांच्या घरवाल्या सरजाबाई आल्या आणि "या ताई, या" करत तिला चुलीकडं घेऊन गेल्या. मला सतरंजीवर लोड देऊन बसवलं. ताबडतोब सुशीला आला. (सुशीला म्हणजे भिजवलेल्या चुरमुऱ्यांचा आमच्याकडचा पदार्थ. इथं खुलासा केलेला बरा.) मागून भजी आली. मग शेवयांची खीर.

मी चकित झालो. घर विकणारा माणूस एवढं खाऊ घालतो? मग माझ्यातला स्थळपाहणीवाला जागा झाला. ज्याअर्थी एवढी खातिर चाललीय त्याअर्थी घरात काहीतरी मोठी खोट आहे. खीर पुढं ओढून मी चौकशीला लागलो.

"किती वर्षं झाली?"

"एकोणीस सरलं. विसावं लागलंय."

"म्हणजे पंचावन्न सालचं."

"बरोब्बर. धम्मदीक्षेच्या आदल्या साली."

मी भिंतीकडं बघत म्हणालो, "वाटत नाही हो. बांधणी मजबूत दिसते."

किशनराव जरा लाजले. "आमच्याकडं खाण्यापिण्याला कमी न्हाई," ते म्हणाले.

ह्याचा बांधकामाशी काय संबंध, हे मला कळेना. "याच्या आधी कोणी बघून गेलं?"

"दोघं येऊन गेले. एकाला पसंत होतं, पण मागण्या लय होत्या."

"आमची काही मागणी नाही," मी म्हणालो. किशनरावांचे डोळे भरून आले. त्यानं मला आणखी चेव आला. "फक्त आहे तसं दाखवा. रंगरंगोटी करून झाकलेलं आम्हाला चालत नाही."

किशनराव लगबगीनं उठले आणि आतल्या दाराकडं तोंड करून ओरडले, "अगं, पावडर लावू नका म्हणावं! लावली असली तर पुसा!"

(मला वाटलं, ढेकणांवर मारायची पावडर. म्हणजे ढेकूण आहेत तर.)

"देखणं नसलं तरी चालेल," मी म्हणालो. "पण गळकं नको."

"गळकं म्हंजे?"

"पावसाळ्यात हो. वरून गळत असलं तर आधीच सांगा."

किशनराव पडलेल्या आवाजात म्हणाले, "पावसाळ्यात सर्दीपडसं होतंय कधीमधी. ते कोणाला होत न्हाई?"

आता हा माणूस उत्तर टाळतोय, अशी माझी खात्री झाली. मी लोडावरून सरकलो आणि मागच्या भिंतीवर बोटांनी टकटक केलं. "राग मानू नका, पण आमच्या खात्यात नियमच आहे. ठोकून बघितल्याशिवाय ताब्यात घ्यायचं नाही."

"ठोकून?" किशनराव म्हणाले आणि खाली बसले.

इकडं हे चालू असताना आत चुलीपाशी काय चाललं होतं, ते मला मागाहून समजलं. सरजाबाईंनी दैवशालाला विचारलं होतं, "काय ताई, पाव्हण्यांच्या मनात बसंल का?"

"ह्यांचं काय सांगावं बाई," दैवशाला म्हणाली. "दर रविवारी एक बघतेत. चहा पितेत, हं म्हणतेत अन् वापस येतेत. ह्यांचं काय जातंय? हे दिवसभर हापिसात. दिवसभर घासायचं मला हाय. म्या तर निक्षून सांगितलंय, आज पसंत पडलं तर आजच बोलून टाका, न्हाईतर आपलं भाड्याचंच बरं."

सरजाबाईंच्या हातातला झारा कढईत पडला.

नवरदेवाची बहीण असलं काही बोलते हे ऐकून त्या माउलीची काय अवस्था झाली असेल, हे आज मनात आलं तरी मी पांघरूण डोक्यावरून ओढून घेतो. पण पाव्हणे दारात, शेजारी कान लावून बसलेले. करतात काय? त्यांनी लेकीच्या हातात चहाचा ट्रे दिला आणि तिला बाहेर पाठवलं.

सुमन बाहेर आली. उंच, सावळी, चटपटीत. मास्तरकीच्या कोर्सला होती, असं नंतर कळलं. चहा ठेवून ती समोरच्या पाटावर बसली. 'चहा देऊन ही इथं का बसली?' असा प्रश्न मला पडला.

"विचारा पाव्हणे, काय विचारायचं ते," किशनराव कसंबसं म्हणाले.

मला वाटलं, बरं झालं. बाप लपवील, पण लेकरू खरं बोलेल. "पाणी कुठून आणता?"

"आडावरून," ती खाली बघून म्हणाली.

"गोड आहे?"

"हाय."

"रात्री गाड्यांच्या आवाजानं झोपमोड होते का?"

"न्हाई."

"बरं. ढेकूण आहेत का?"

सुमननं मान वर करून माझ्याकडं बघितलं. मग माझ्या मागच्या भिंतीकडं, मग अजून हवेतच असलेल्या माझ्या ठोकणाऱ्या बोटांकडं. तिच्या ओठाच्या कोपऱ्यात काहीतरी हललं. त्या घरात अक्कल तिला एकटीलाच होती.

"तुमी घर बघायला आलात का हो?" तिनं विचारलं.

"सुमन!" किशनराव गरजले. "घर बघूनच सोयरीक करतेत माणसं!"

सोयरीक! माझ्या तोंडात त्या वेळी अख्खं भजं होतं. ते खाली जाईना आणि वर येईना. सडा, रांगोळी, लोड, खीर, पावडर... एकेक गोष्ट माझ्या डोळ्यांपुढून चालत गेली आणि प्रत्येकीनं जाताना माझ्याकडं वळून बघितलं.

आणि नेमक्या त्याच क्षणाला दारात फेटा बांधलेले एक म्हातारे गृहस्थ आणि त्यांच्यामागं नव्या टेरिलिनच्या शर्टातला तरुण येऊन उभे राहिले.

"जयभीम," म्हातारे म्हणाले. "माफ करा, येस्टी वाटंत बंद पडली. मी आप्पाराव. हा आमचा रंगनाथ. आमी सोनपेठचे."

"सोनपेठचे?" किशनरावांनी माझ्याकडं बोट केलं. "सोनपेठचे तर हे बसलेत!"

आप्पारावांनी बघितलं. पाटावर मुलगी, लोडाला टेकून एक इस्त्रीवाला जवान आणि त्याच्या ताटात भजी. त्यांचा फेटा थरथरायला लागला. "एकाच दिवशी दोन दोन स्थळं? सोयरीक करायलात का बाजार मांडलाय? चल रे रंगनाथ!"

"अहो, थांबा! मला काय म्हाईत..." किशनराव त्यांच्याकडं धावले.

मी भजं गिळलं आणि "ऐका, मी..." असं म्हणालो. तेवढ्यात आतल्या दारातून पदराला हात पुसत, हसऱ्या चेहऱ्यानं दैवशाला बाहेर आली.

"अहो, आड लय झाक हाय!" ती म्हणाली. "आपण हेच घेऊ."

"तुमच्या भावाला आधी विचारा, हा कोण हाय म्हणून!" किशनराव ओरडले.

"भाऊ?" दैवशाला म्हणाली. "हे माझे मालक हायेत."

 मग बाहेर, वट्ट्यावर जमलेल्या बायकांपैकी एक स्पष्ट आवाजात म्हणाली, "अगं बाई! बायकोला घेऊन दुसरी बघायला आलंय मेलं!"

सरजाबाई दारात उभ्या होत्या. झारा त्यांच्या हातात परत आला होता.

इथून पुढं मी जे केलं ते सांगायला मला जड जातंय. मी उठलो. सगळ्यांना समजावून सांगायचं, हात जोडायचे, असा माझा विचार होता, खरंच होता. पण पाय माझ्या विचारानं चालले नाहीत. ते सरजाबाईंना चुकवून आत गेले, चुलीला वळसा घालून मागच्या दारानं परसात आले. परसाला कमरेएवढी भिंत होती. जन्मात मी कधी उडी मारली नव्हती, ती मारली.

भिंतीपलीकडं खड्डा होता आणि खड्ड्यात चुना भिजत घातला होता. मी गुडघ्यापर्यंत त्यात उभा राहिलो.

समोर बनियनवर एक मनुष्य हातात कुंचा घेऊन भिंत रंगवत होता. त्यानं शांतपणे माझ्याकडं बघितलं.

"घर बघायला आलात का?" तो म्हणाला. "मी तात्याराव. दत्तरावांनी सांगितलं होतं, पाव्हणे यायचेत म्हणून. पण दार पुढल्या अंगाला हाय."

मी 'हं' म्हणालो.  तात्याराव लगेच घराची तारीफ सांगायला लागले. फरशी शहाबादी, न्हाणी वेगळी, आड दोन घरांत मिळून एक. मी चुन्यात उभा राहून ऐकत होतो. भिंतीपलीकडून आवाज येत होते. किशनरावांचा, आप्पारावांचा, बायकांचा. आणि मग त्या सगळ्यांच्या वर दैवशालाचा.

तेव्हा माझ्या ध्यानात आलं की मी बायकोला तिथंच टाकून आलोय.

दीड वर्षांपूर्वी सगळ्यांसमोर हात धरून आणलेली बायको. अनोळखी घर, खवळलेली माणसं, हातात झारा घेतलेली बाई आणि त्यांच्यामध्ये ती एकटी. आणि मी इकडं फरशी शहाबादी आहे का, ते ऐकतोय. चुना थंड होता, पण माझे कान पेटले. तात्यारावांचं बोलणं अर्ध्यात तोडून मी त्यांच्या घरातून पुढं पळत सुटलो. (त्यांच्या शहाबादी फरशीवर माझी पांढरी पावलं उमटली, ती पुढं आम्हालाच घासून काढावी लागली.)

किशनरावांच्या दारात पोचलो तर आत भांडण नव्हतं. आप्पाराव बाहेर रस्त्यापर्यंत गेले होते म्हणे, आणि दैवशालानं अनवाणी पळत जाऊन त्यांची वाट अडवली होती. आता ते वट्ट्यावर टेकले होते आणि ती त्यांच्यासमोर पदर सावरून उभी होती.

"मामा," ती म्हणत होती, "आमच्या माणसाचा राग ह्या घरावर काढू नका. आमी दर रविवारी घर बघत हिंडायलोत. आज दार चुकलं. ह्या लोकांनी जेवढी खातिर केली ती तुमचं नाव घेऊन केली. खाल्लं आमच्या ह्यांनी, पण मान तुमचाच होता. तुमी असेच गेलात तर ह्या पोरीला उद्या गल्ली काय म्हणंल? अन् तिचा काय गुन्हा? ढेकूण हायेत का, ह्याचं उत्तर द्यायची बारी आली बिचारीवर."

आतून कोणीतरी फिसकन हसलं. सुमन. ती दारात येऊन उभी राहिली आणि रंगनाथकडं बघून म्हणाली, "तुमाला तरी म्हाईत हाय ना, तुमी काय बघायला आलात ते?"

"सुमन!" किशनराव कळवळले.

पण रंगनाथ हसला. "आमाला आडाचंच पाणी पाजा आधी," तो म्हणाला. "येस्टीत लय धूळ खाल्ली. बाबा, बसा जरा."

आप्पाराव आधी लेकाकडं बघत राहिले, मग सुमनकडं. मग त्यांच्या मिशीतून हसू फुटलं. "म्हंजे आमच्या आधी आमचा मान कोणीतरी खाऊन बसला म्हणा की! कुठं हाय तो माणूस?"

"हे काय," दैवशाला मागं न बघताच म्हणाली. मी आल्याचं तिला कळलं होतं.

सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं. वर इस्त्रीचा शर्ट, खाली गुडघ्यापर्यंत पांढरे पाय. हापिसात मी मोठमोठ्या माफीच्या पत्रांचे मसुदे करतो, साहेबांना ते आवडतात. त्यातला एक शब्द मला आठवेना.

"चुकलं माझं," मी म्हणालो.

"चुकलं ते चुकलं," आप्पाराव म्हणाले. "दार चुकतंय माणसाचं. पण बायकोला टाकून कामून पळालात?"

मी पायावरचा चुना खरवडायला लागलो.  सरजाबाईंनाच दया आली असावी. त्यांनी झारा ठेवला आणि एक भरलेली बादली आणून माझ्यापुढं आदळली. "पाय धुवा," त्या म्हणाल्या. "अन् वट्टा आताच सारवलाय, बाजूला व्हा."

परत येताना रूळ ओलांडेपर्यंत दैवशाला पदर खोचून ताडताड चालत होती. मग म्हणाली, "भिंतीवरून उडी टाकताना माझी याद आली का?"

"खरं सांगू?"

"सांगा."

"चप्पल राहिली ह्याची आली."

ती एकदम पुढं निघून गेली. मी मागून अनवाणी, खडीवरून टाचा उचलत चाललो. किशनरावांच्या दारातल्या चपला उचलायची माझी हिंमत झाली नव्हती.

घरी आल्यावर मी सांगून टाकलं की पुढच्या रविवारपासून गंगाखेड रोडकडं बघू, रुळापल्याड आता नको.

"घर तेच घ्यायचं," दैवशाला म्हणाली. "तात्यारावांचं."

"अगं, पण त्या गल्लीत मी तोंड कसं दाखवू?"

"तोंड कोणी बघितलंय? सगळ्यांनी पायच बघितलेत." मग जरा थांबून ती हळू आवाजात म्हणाली, "ऐका. त्या बायांनी मला आडनाव विचारलं न्हाई. आधी पाणी दिलं. तुमी पळालात तवा माझ्या अंगाला थरथर सुटली होती. सरजाबाईनं माझा हात धरला अन् म्हणली, 'घाबरू नको, नवरा कसा का असंना, तू माझ्या घरात हायेस.' झारा तुमच्यासाठी होता, माझ्यासाठी न्हाई. जिथं हाक मारली तर ओ देणारी माणसं हायेत, तिथं मला ऱ्हायचंय. तुमाला शरम वाटत असंल तर तुमी अंधार पडल्यावर येत जा."

तात्याराव नांदेडला गेले आणि आम्ही त्यांच्या घरात आलो. सुमनचं रंगनाथशी जमलं. वैशाखात किशनरावांच्या परसात मांडव पडला. दैवशाला सरजाबाईंच्या बरोबरीनं राबली. मीही किशनरावांना म्हणालो, "मला काहीतरी काम द्या. पाव्हण्यांचं स्वागत करू का दारात उभा राहून?"

"नको, नको!" ते इतक्या घाईनं म्हणाले की त्यांच्या हातातली फुलं सांडली. "तुमी आडावर बसा. पाणी शेंदा. कोणाशी बोलू नका."

मी दिवसभर पाणी शेंदलं. दैवशालानं एकदा येऊन माझ्या तळहातावरचे फोड बघितले आणि पदरानं कपाळ पुसून दिलं. मला वाटलं, आपण आता माफ झालो. (माफ झालो होतो. पण माफ होणं वेगळं आणि भरवशाचं होणं वेगळं.)

कारण पुढच्या वर्षी रंगनाथची बदली परभणीला झाली आणि ती दोघं घर बघायला निघाली. सल्ला घ्यायला आमच्याकडं आली. मी उत्साहानं शर्ट चढवला, छत्री घेतली.

"काकू, तुमी येता ना संगं?" सुमननं दैवशालाला विचारलं.

"येते की."

"चला," मी म्हणालो.

तिघांनी एकमेकांकडं बघितलं. "तुमी घरीच थांबा," दैवशाला म्हणाली. "अन् ऐका, कोणी आलं तर उगं बोलत बसू नका. काय बोलून बसाल त्याचा नेम न्हाई. घरी कोणी न्हाई म्हणून सांगा, बस."

ती गेली. मी दाराला कडी घालून बसलो. तासाभरानं दार वाजलं. बायकोनं सांगितलेलं एक तरी काम नीट करायचं असा माझा निश्चय होता. मी आतूनच मोठ्यांदा ओरडलो, "घरी कोणी नाही!"

 मग माझे सासरे, पिंगळीहून डोक्यावर हरभऱ्याचं गाठोडं घेऊन आलेले सितारामबुवा, अगदी समजुतीच्या आवाजात म्हणाले, "बरं, बरं. कोणी आलं म्हंजे सांगा, दैवशालाचा बाप येऊन गेला म्हणून."